गोट्यावरची खाच

त्या प्रोटीनला शास्त्रीय नाव होतं, पण प्रयोगशाळेत सगळे त्याला गोटाच म्हणत. कॅन्सरच्या गाठींमध्ये जी प्रोटीनं माजतात त्यांतलं हे एक. पेशीला "वाढ" म्हणून सांगायचं आणि काम झालं की गप्प बसायचं, एवढीच त्याची नोकरी. बिघडलं, की ते गप्प बसायचं विसरतं. कुणी विचारो न विचारो, "वाढ, वाढ" करत राहतं. त्याचं तोंड बंद करायचं तर औषधाच्या रेणूला त्याच्या अंगावर कुठेतरी टेकायला जागा हवी, एखादी खाच, एखादी खोबण. आणि हा पठ्ठ्या सगळीकडून गुळगुळीत. भल्याभल्यांची औषधं पालथ्या घड्यावरच्या पाण्यासारखी त्याच्यावरून ओघळून गेली होती.

धाकटीची उमेदीची वर्षं हा गोटा चाचपण्यात गेली. प्रयोगशाळेत तिला मान होता, काचेची खोली होती, दारावर पाटी होती. पण बारा वर्षांनी मोठी बहीण असली आणि आईच्या माघारी तिनंच वेणीफणी केलेली असली, की माणूस कितीही शिको, धाकटं ते धाकटंच राहतं. ताई तिला अजून "शहाणे" म्हणायची, आणि त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, याचा हिशोब धाकटीला कधी लागला नव्हता.

आता जे डोळ्यांना दिसत नाही ते चाचपायचं कसं? तर त्याचे स्फटिक करायचे. साखरेचे होतात तसेच, फक्त साखर गुणी असते आणि प्रोटीन लहरी. मिठाच्या पाण्याच्या थेंबात ते ठेवायचं, वर झाकण लावायचं आणि मर्जी होते का बघत बसायचं. झालेच स्फटिक, तर एकेकात एकेक लहानसा रेणू मुरवायचा. या रेणूंना तुकडे म्हणतात. औषध म्हणवून घेण्याइतकी त्यांची अजून लायकी नसते. मग स्फटिक बारीकशा फाशात उचलायचा, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायचा आणि क्ष-किरणांच्या अवाढव्य यंत्राकडे पाठवून द्यायचा. तिथून जे येतं त्यातून संगणकावर एक निळी जाळी उभी राहते. जाळी म्हणजे नकाशा: इथे अणू आहेत, इथे नाहीत. शेकडो स्फटिक, शेकडो जाळ्या, आणि बहुतेकांत नुसतं पाणी. पण मुरवलेला तुकडा एखाद्या ठिकाणी ठाण मांडून बसलेला दिसला, तर समजायचं, इथे जागा आहे. आज तुकडा बसला, उद्या त्याच्याच वळणाचं औषध बसेल.

एका दुपारी, डबा खाऊन डोळ्यांवर झापड आलेली असताना, धाकटीला जाळीत एक ढेकूळ दिसलं. पाणी म्हणावं तर फार मोठं. तिनं तुकड्याचं चित्र उचलून त्या ढेकळात ठेवलं, जरासं वळवलं, आणि ते असं बसलं की एकही अणू जाळीबाहेर राहिला नाही. खाली खाच होती. जुन्या कुठल्याच चित्रात नसलेली, चांगली खोल खाच.

शिरस्त्याप्रमाणे तिनं आधी विभागप्रमुख बाईंच्या खोलीत जायला हवं होतं. ती गेली नाही. तिनं ताईला फोन लावला.

"ताई, सापडली!"

"काय सापडली? माझी छत्री?"

"अगं जागा! गोट्यावर जागा सापडली. खाच आहे, खोल. तुकडा आत बसलाय."

पलीकडे इंडिकेटर टकटकत होता.

"गाडी चालवतेयस का? मग ठेव फोन."

"मी कुठली चालवतेय? तुझे भावजी चालवतायत. म्हणजे उभी आहे. वळायचं की नाही यावर त्यांचं चिंतन चाललंय. अहो, तो सायकलवाला केव्हाच गेला, आता वळा!"

ताई ड्रायव्हिंग स्कूल चालवायची. तीस वर्षं दुसऱ्यांच्या शेजारी बसून, पायाशी स्वतःचा वेगळा ब्रेक ठेवून, तिनं निम्म्या गावाला गाडी शिकवली होती. शिकाऊ मंडळी तिला मास्तरीण म्हणत. आणि या मास्तरणीच्या नवऱ्याला गाडी येत नव्हती. ते छापखान्यात मुद्रितं तपासायचे. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात हयात गेलेला माणूस, स्वतःची चूक होईल या भीतीनं पहिल्या गिअरच्या पुढे गेला नव्हता. "दिव्याखाली अंधार," ताई म्हणायची, "आणि अंधारात हे."

तर तोच गोटा ताईच्या पोटात माजला होता. दोन औषधं होऊन गेली होती आणि दोन्हींनी हात टेकले होते. डॉक्टरांनी तिसरं सुचवलं, पण माणूस सरळ होता. "यानं मिळेल थोडं आणि जाईल बरंच," असं तोंडावर म्हणाला. ताईनं घरी येऊन एक दिवस विचार केला आणि नाही म्हणून कळवलं. तिचा हिशोब साधा होता. औषध बंद केल्यावर अंगात जरा ताकद येते, हा उन्हाळा बरा जाईल, असं डॉक्टरच म्हणाले होते. त्यांचं घर टेकडीवर, रस्त्याच्या टोकाला, बस येत नाही अशा ठिकाणी. आपल्यामागे हा माणूस दुधाच्या पिशवीसाठीही कुणाच्या तरी तोंडाकडे बघणार. तेव्हा हातात आहेत ते चांगले महिने इस्पितळाच्या खुर्चीत न घालवता नवऱ्याला गाडी शिकवण्यात घालवायचे. एवढा एकच विद्यार्थी नापास राहिला होता.

"बरं, हे औषध," फोनवर ताईनं विचारलं. आवाज एकदम हलका झाला होता. "तयार व्हायला किती वेळ लागेल?"

धाकटीला उत्तर माहीत होतं. खाच सापडणं म्हणजे घर बांधायला निघालेल्याला माळावर एक सपाट जागा दिसणं. पुढे दहा-बारा वर्षं, आणि वाटेतच बहुतेक घरं कोसळतात. पण दुपार होती, जाळी समोर चमकत होती.

"वेळ लागतो गं," ती म्हणाली. "पण जागा मिळाली ना, की पुढचं सगळं सुरू होतं."

शब्दन् शब्द खरा होता. फक्त गोळाबेरीज खोटी होती.

पुढच्या आठवड्यात तिनं फोन केला तर भावजींनी उचलला. "ती झोपलीय. काल तिसरं औषध सुरू केलं ना."

"तिसरं? ती तर नाही म्हणाली होती!"

"तुझा फोन आला आणि मग हो म्हणाली. तुझं औषध येईपर्यंत टिकायला हवं, म्हणते. मी म्हटलं, टिक बाई."

भावजींच्या आवाजात इतकं सुख होतं की धाकटीच्या घशाशी आलेलं परत खाली गेलं. आज नको, ती मनात म्हणाली, समोरासमोर सांगू. पण समोरासमोर गेल्यावर ताई बादलीवर ओणवी होती, आणि ओणव्या माणसाला कुणी आकडे सांगत नाही. मग पुढच्या खेपेला. बोलायचं राहून गेलं की त्याच्यावर व्याज चढतं. थोड्याच दिवसांत ते इतकं चढलं की मुद्दलाला हात घालायची हिंमत उरली नाही.

तिसऱ्या औषधानं डॉक्टर म्हणाले होते तेच केलं. आधी ताईचं तोंड आलं. मग गार पाण्याचा ग्लास हातात धरवेना, काचा टोचल्यासारखं व्हायचं. भर उन्हाळ्यात ती लोकरीचे हातमोजे घालून बसायची. मग तळपाय बधिर झाले. एक दिवस शिकवणीत भावजींनी गाडी कुंपणाकडे नेली आणि ताईनं आपल्या बाजूचा ब्रेक दाबायला पाय टाकला, तर पाय ब्रेकवर आहे की पायपुसण्यावर हेच तिला समजलं नाही. कुंपणाचा एक खांब गेला. त्या दिवशी शिकवणी थांबली. भावजींचं पुढे जाणं, थांबणं, वळणं झालं होतं. रिव्हर्स राहिला होता.

"राहू दे," ताई म्हणाली. "शहाणीचं औषध आलं की शिकवीन. घाई कुठाय?"

इकडे प्रयोगशाळेत आनंदीआनंद होता. बाईंचा एक स्वभाव होता: चांगली बातमी आली की ती "आपली" असायची आणि वाईट आली की "तुझी". खाच अर्थातच आपली झाली. बाईंनी दोन सभांत तिची चित्रं दाखवली, तिसऱ्या सभेत तर धाकटीला आपल्या शेजारी बसवून घेतलं. धाकटी हसली, टाळ्या घेतल्या. मग घरी जाऊन ताईला फोन केला आणि टाळ्यांची बातमी सांगितली. त्या दिवशी ताई दोन घास जास्त जेवली, असं भावजींनी मुद्दाम कळवलं.

तळमजल्यावर एक जण होता, ज्याचं काम स्फटिकांशी नव्हतं, पाण्याशी होतं. प्रोटीन पाण्यात मोकळं सोडायचं, त्यात तुकडा टाकायचा आणि दोघं एकमेकांना चिकटतात का ते मोजायचं. कुणी "शुभ प्रभात" म्हटलं तरी याचं उत्तर "पण" नं सुरू व्हायचं, म्हणून त्याला शंकासुर म्हणत. एके दिवशी तो जिने चढून वर आला, तेव्हाच धाकटीच्या कपाळाला आठी पडली. खुशखबर द्यायला तो कधी जिने चढत नसे.

"तुमचा तुकडा चिकटत नाही," तो म्हणाला.

"परत करून बघा."

"केलं. परत परत केलं."

"तुकडे कमीच चिकटतात. सगळ्या जगाला माहीत आहे."

"पण कमी आणि नाही यात फरक असतो ना? कमी असलं की मला कमी दिसतं. इथे मला नुसतं पाणी दिसतंय."

"मग तुमचं यंत्र बघून घ्या."

"तेही बघितलं. पण तुम्ही तुमचं बघता का एकदा?"

बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "त्याचं नावच शंकासुर. तू कशाला मनाला लावून घेतेस?" धाकटीनं मनाला लावून घेतलं नाही. पण त्याचं तोंड एकदाचं बंद करावं, म्हणून दुपारी तिनं ते जुनं चित्र पुन्हा उघडलं.

स्फटिकात प्रोटीनचा एकच रेणू नसतो. कोट्यवधी असतात, कवायतीला उभे केल्यासारखे, खांद्याला खांदा लावून. सगळे सारखेच, म्हणून पडद्यावर एकच दाखवतात. आजूबाजूचे बघायचे तर एक कळ दाबावी लागते. त्यांना या धंद्यात शेजारी म्हणतात. नवी जागा सापडली की आधी शेजारी बघ, हे शिकाऊ पोरालाही पहिल्या दिवशी सांगतात, आणि धाकटीनं आजवर कितीतरी शिकाऊ पोरांना सांगितलं होतं. तिनंही बघितले होते, पण पहिल्या खेपेच्या स्फटिकांत. तेव्हा त्या बाजूला मोकळं पाणी होतं, सगळ्यांत जवळचा शेजारी लांब होता. एकदा बघितलं ते बघितलं. मग पडद्यावर उगाच गर्दी नको म्हणून तिनं शेजारी बंद करून टाकले ते कायमचे. दुसऱ्या खेपेला, म्हणजे ज्यात तुकडा दिसला त्या खेपेला, मिठाचं प्रमाण जरासं वाढवलं, स्फटिक टणक व्हावेत म्हणून. त्यानं कवायतीच्या रांगा किंचित जवळ सरकल्या. संगणकानं तसं एका ओळीत कळवलंही होतं. ती ओळ तिनं वाचली होती आणि पुढे गेली होती.

आता तिनं कळ दाबली. शेजारी आले.

उजवीकडचा शेजारी आपलं कोपर गोट्याच्या कुशीत खुपसून उभा होता. जत्थ्यात दाटीवाटी झाली की कुणाचं तरी कोपर कुणाला तरी लागतं, तसं. त्या कोपरानं गोट्याच्या अंगाचा एक पदर बाजूला लोटला होता, आणि लोटला गेला म्हणून तिथे खाच पडली होती. तुकडा त्या खाचेत बसला होता खरा, पण त्याची पाठ गोट्याला टेकलेली होती आणि पोट शेजाऱ्याच्या कोपराला. निम्मी जागा याची, निम्मी त्याची. माणसाच्या शरीरात गोट्याला असा शेजारी नसतो, कोपर नसतं, पदर लोटला जात नाही. तिथे तो एकटा असतो, आणि एकटा असला की गुळगुळीत.

तिनं शेजारी बंद केले. खाच पहिल्यासारखीच सुरेख दिसू लागली. पुन्हा कळ दाबली. पुन्हा बंद केले. जाळीत खोट नव्हती, तुकडा जिथे दिसत होता तिथेच होता, मोजमापं बरोबर होती. कुणी लबाडी केली नव्हती.

ती जिने उतरून तळमजल्यावर गेली. "शेजाऱ्याचं कोपर आहे," एवढंच म्हणाली. शंकासुराला एवढं पुरलं. त्याची सरशी झाली होती, तो काय काय बोलू शकला असता. त्यानं एक स्टूल ओढून तिच्याकडे सरकवलं.

"बसा," तो म्हणाला. मग, "तुमच्या बहिणीला सांगितलं होतंत ना तुम्ही?"

"हो."

"पण..." तो म्हणाला, आणि त्याचं ते "पण" पहिल्यांदाच तिथेच राहिलं.

बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. "तुझी ही चूक फार वाईट वेळी निघाली," त्या म्हणाल्या. खाचेचा पत्ता एका वाक्यात बदलला होता. "आता लगेच बोभाटा नको. नीट लिहून काढू, मग सांगू सगळ्यांना." धाकटी हो म्हणाली. सगळ्यांशी तिला कर्तव्य नव्हतं. ताईचा पुढचा डोस दोनच दिवसांवर आला होता.

टेकडीवरच्या घराच्या फाटकाशी भावजी झाडांना पाणी घालत होते. तिचा चेहरा बघून त्यांनी नळी खाली ठेवली. आयुष्यभर चुका हुडकलेला माणूस. त्याला वाचायला फार वेळ लागत नाही. तिनं तिथेच, फाटकात उभ्या उभ्या सांगून टाकलं.

"म्हणजे चूक होती," भावजी म्हणाले.

"हो."

"मग दुरुस्ती आजच छापायला हवी का?"

"भावजी, परवा डोस आहे तिचा."

"तेच म्हणतोय मी. तेवढा होऊ दे. पुढचाही होऊ दे. ती त्या खाचेच्या जोरावर उठून बसते सकाळची, तू नाही बघत, मी बघतो."

"त्या डोसानं काही होणार नाहीये. डॉक्टरांनी सांगितलंय."

"मलाही सांगितलंय," भावजी म्हणाले. नळीचं पाणी त्यांच्या चपलांवरून वाहत होतं, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. "ती औषध घेतेय तोवर मला पुढचा विचार करावा लागत नाही. तू आत जाऊन सांगितलंस, की आज संध्याकाळपासून मला तो करावा लागेल. एवढंच. तुला अडवत नाही मी."

अडवत नाही म्हणाले, पण फाटकातून बाजूला व्हायला त्यांनी बराच वेळ घेतला.

ताई खिडकीपाशी आरामखुर्चीत होती, हातात लोकरीचे मोजे, पायांवर शाल. चेहरा इतका लहान झाला होता की डोळे दुसऱ्या कुणाचे आणून बसवल्यासारखे वाटत.

"ये शहाणे. काय म्हणतोय गोटा?"

"ताई, खाच नाहीये."

"म्हणजे? बुजली?"

"नव्हतीच." धाकटी जमिनीवर, तिच्या पायांशी बसली. "स्फटिकात शेजारचा रेणू कोपर खुपसून उभा होता. त्यानं तिथे खाच पडल्यासारखी झाली होती. शरीरात तो शेजारी नसतो. म्हणून तिथे खाचही नसते."

ताईनं ते नीट ऐकून घेतलं. शिकाऊ माणूस अपघाताचं वर्णन करतो तेव्हा ती ऐकायची तसं.

"आणि एवढा कोपर खुपसून उभा असलेला शेजारी तुला दिसला नाही?"

"मी शेजारी बंद करून ठेवले होते. पडद्यावर गर्दी होते म्हणून."

"म्हणजे आरसे मिटून गाडी हाकलीस म्हण की!" ताई हसली. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता पुन्हा हसली. धाकटीही हसली, डोळे पुसत हसली, आणि तिला वाटलं, झालं, सुटले.

"बरं, एक सांग," ताई म्हणाली. "ती खाच खरी निघाली असती, तर औषध कधी आलं असतं?"

बाहेर भावजींनी नळ बंद केल्याचा आवाज आला.

"दहा वर्षांनी," धाकटी म्हणाली. "बारा. आलंच असतं तर."

"हे आत्ता कळलं तुला?"

"नाही."

"मग? फोन केलास तेव्हा माहीत होतं?"

"हो."

ताईनं मोज्यांतले हात एकमेकांवर ठेवले. "मी विचारलं होतं तुला."

"हो."

"हे बघ, चुकतं माणसाचं. लोकांनी माझ्यादेखत भिंती पाडल्यात, मी कधी कुणावर आवाज चढवला नाही. जागा चुकली, ती चूक. त्याचं मला काही नाही. पण मी तुला सरळ विचारलं होतं, आणि तू मला गोल गोल फिरवून आणलंस."

"तुझा आवाज इतका खूष झाला होता, ताई..."

"माझा? अगं, तुझा झाला होता! तू सातवीत पहिली आलीस तेव्हा ओरडत आली होतीस ना रस्त्यातून, तस्सा. म्हटलं, पोरगी एवढं करतेय माझ्यासाठी, मी चार सुया टोचून घ्यायला काय हरकत आहे?" ती थांबली. श्वास पुरत नव्हता. "माझे पाय चांगले होते, शहाणे. आता ब्रेक कुठाय ते मला खाली वाकून बघावं लागतं. यांचा रिव्हर्स राहिला."

"ताई, मला माफ कर."

"नाही करत," ताई म्हणाली. रागानं नाही, दुकानदार एखादी वस्तू नाही म्हणून सांगतो तसं. "आत्ता तरी नाही. पुढे जमलं तर करीन, नाही जमलं तर तुझं तू बघ. आता तो फोन घे. माझ्या बोटांना आकडे लागत नाहीत."

धाकटीनं इस्पितळाचा नंबर लावला. ताई समोरून बघत होती. तिकडून नर्स आली, आवाज कोवळा होता. धाकटीनं सांगितलं, परवा आम्ही येणार नाही.

"अगंबाई, ताप आहे का? मग पुढच्या आठवड्यातली तारीख देऊ?"

"तारीख नको."

"मग त्याच्या पुढची? तुम्ही सांगा ना कोणती ते."

"कोणतीच नको. ती आता घरी राहणार आहे." नर्सनं बरं म्हटलं, आणि मग, त्यांना माझा नमस्कार सांगा, असंही म्हणाली.

"नमस्कार सांगितलाय," धाकटी म्हणाली.

"पोचला," ताई म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून बसली. "आता जा तू. आज तुझं तोंड बघवत नाही मला. रविवारी ये."

औषध थांबलं की अंगात जरा ताकद येते, हे डॉक्टर पहिल्यांदा म्हणाले होते. या खेपेला ती आली नाही; यायची होती ती तिसऱ्या औषधात खर्च होऊन गेली होती. तरी रविवारी धाकटी गेली तेव्हा ताईनं कपडे बदलून ठेवले होते. भावजींनी तिला उचलूनच गाडीपर्यंत आणलं. मागच्या सीटवर उशा रचल्या होत्या, त्यात तिला बसवलं. भावजी स्टिअरिंगपाशी. ताईच्या जागेवर, जिथे दुसरा ब्रेक होता तिथे, धाकटी.

"पाय ब्रेकवर ठेव आणि मी सांगेपर्यंत दाबू नकोस," ताई म्हणाली. "मी बोलते ते यांना ऐकू जाणार नाही. तू मोठ्यानं सांग."

टेकडीखाली बंद पडलेल्या एका गोदामाचं पटांगण होतं. भावजींनी गाडी तिथवर नेली, हळू पण नीट. मग शिकवणी सुरू झाली. मागून ताई पुटपुटायची आणि धाकटी ते पुढे ओरडून सांगायची.

"मान वळवा."

"भावजी, मान वळवा!"

"नुसती मान नाही, खांदा. आणि आरशावर भिस्त नको."

"खांदा वळवा, भावजी! आरशावर भिस्त नको!"

"मी बहिरा नाहीये," भावजी म्हणाले, पण खांदा वळवला. गाडी मागे सरकली, वाकडी गेली, थांबली. पुन्हा सरकली. एकदा गोदामाच्या भिंतीपासून हातभर अंतरावर गेली तेव्हा धाकटीचा पाय ब्रेकवर दाबला जाणार होता, पण मागून "थांब, त्यांना करू दे" असं आलं, आणि भावजींनी स्वतःच ब्रेक दाबला. "बघा!" ते म्हणाले. "शाबास," मागून आलं, आणि धाकटीनं तेही ओरडून सांगितलं.

"आता चाक सरळ."

"चाक सरळ करा, भावजी."

"आता त्या दोन खांबांच्या मध्ये... हळू..."

"दोन खांबांच्या मध्ये! हळू!"

भावजींनी गाडी दोन खांबांच्या मधोमध मागे नेली आणि थांबवली. अशी सरळ, की ताईच्या सगळ्या विद्यार्थ्यांत मोजक्यांनाच जमली असेल. दोघंही मागून ताईचं काही ऐकू येईल म्हणून थांबली. काही आलं नाही. धाकटीनं वळून बघितलं. ताईचं डोकं उशीवर कलंडलं होतं, तोंड अर्धवट उघडं होतं, श्वास चालू होता; झोप लागली होती.

"काय म्हणाली?" भावजींनी विचारलं. ते अजून मागेच बघत होते, पण आरशातून.

"काही नाही. झोपली."

"मग आता काय करू? पुढे घेऊ?"

धाकटीला गाडीतलं काही फारसं कळत नव्हतं. "मला नाही माहीत, भावजी," ती म्हणाली.

भावजींनी मान हलवली. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवले. धाकटीचा पाय ब्रेकवरच होता. इंजिन चालू ठेवून दोघं तशीच पुढच्या सूचनेची वाट बघत बसली.